गाडी सांगते तेवढे किलोमीटर खरंच जातात का?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. साखरेमुळे अम्मीच्या डोळ्याच्या पडद्यावर सूज आली होती आणि महिन्याला एक याप्रमाणे डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं होतं. डॉक्टर कराडला, आम्ही चिपळूणला, मध्ये कुंभार्ली घाट. माझे मिस्टर कुवेतला असतात. मागच्या सुट्टीत त्यांनी चार वर्षं वापरलेली एक छोटी पेट्रोल गाडी घेऊन दिली, म्हणून बसच्या गर्दीतून अम्मीची सुटका झाली. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण माझी धाव घर ते शाळा आणि शाळा ते बाजार एवढीच. घाटात स्टिअरिंग धरायची हिंमत अजून होत नाही. त्यामुळे अम्मीला कराडला नेण्याचं काम माझ्या बहिणीच्या मुलानं अंगावर घेतलं होतं. वय बावीस, आयटीआय झालेला, नोकरीच्या शोधात. आपल्या नानीसाठी फजरनंतर चहा घेऊन हजर असायचा.

त्या दिवशी शाळेत परीक्षा होती, म्हणून मी गेले नाही. गाडी अंगणातून निघताना मी सहज डॅशबोर्डवर पाहिलं. ‘२१०’ दिसलं. म्हणजे टाकीत आहे तेवढ्या पेट्रोलवर गाडी २१० किलोमीटर जाईल. चिपळूण ते कराड आमच्या गाडीच्या मीटरवर ९६ किलोमीटर भरतात. जाऊन येऊन १९२. मनात म्हटलं, बरं झालं, पेट्रोल पुरतंय.

दुपारी पेपरांचा गठ्ठा मोजत असताना भाच्याचा फोन आला. “खाला, इंजेक्शन झालं. नानी ठीक आहे. पण गाडी ६८ दाखवतेय. येताना पेट्रोल टाकावं लागेल, थोडे पैसे पाठवता का?”

मी गणिताची शिक्षिका नाही, पण वजाबाकी तर पहिलीतलं पोरही करतं. २१० मधून ९६ गेले की ११४ उरायला हवेत. हा म्हणतो ६८. म्हणजे ४६ किलोमीटरचं पेट्रोल गायब. गाडीचं ॲव्हरेज १७ धरलं तर पावणेतीन लिटर, पावणेतीनशे रुपयांच्या वर. पैसे मी पाठवले. पाठवताना मात्र तोंडातून निघून गेलं, “वाटेत आणखी कुठे जाऊन आलास का रे?”

तो क्षणभर गप्प झाला. मग “नाही खाला” एवढंच म्हणाला. संध्याकाळी गाडी लावली, चावी खुंटीला टांगली, अम्मीला हात धरून आत आणून बसवलं आणि पाणीही न पिता निघून गेला. मे महिन्याच्या तारखेची आठवण द्यायला फोन केला, तेव्हा म्हणाला, “त्या दिवशी मला काम आहे.” कुठलं काम, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इंजेक्शनची तारीख पाच दिवस पुढे गेली. डोळ्याच्या बाबतीत पाच दिवसही लहान नसतात, हे मला डॉक्टरांनी नंतर चांगलंच ऐकवलं.

मधल्या काळात मी गाडी घेऊन ओळखीच्या गॅरेजवर गेले. टाकी गळतेय का ते बघा, म्हटलं. खरं सांगायचं तर टाकी गळत असावी असं मला मनापासून वाटत होतं. तसं निघालं असतं तर सगळ्यांचीच सुटका होती. गॅरेजवाल्या चाचांनी गाडी वर घेतली, खालून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “टाकी सुकी आहे. गळती नाही.” मग मी त्यांना २१० आणि ६८ चा हिशेब सांगितला. ते हसले. म्हणाले, “मॅडम, तो आकडा टाकीत नसतो.”

हे वाक्य समजायला मला पाऊण तास लागला. ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण आता आपल्या बहुतेक घरांत अशी आकडा दाखवणारी गाडी आली आहे, आणि त्या आकड्यावरून नवरा-बायकोत, बाप-लेकात, मालक-ड्रायव्हरमध्ये कुरबुरी झालेल्या माझ्या कानावर आल्या आहेत.

गाडीला दोन गोष्टी कळतात. पहिली, टाकीत पेट्रोल अंदाजे किती आहे. टाकीच्या आत एका दांड्याला तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि दांडा जिथे असेल त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो. आपल्या विहिरीत घागर किती खाली गेली यावरून आपण पाण्याचा अंदाज घेतो, तसाच प्रकार. दुसरी गोष्ट, इंजिनाला किती पेट्रोल गेलं. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून गाडीतला कॉम्प्युटर हे मोजत असतो, आणि तेवढ्या पेट्रोलवर किती किलोमीटर झाले याचा भागाकार करून अलीकडचं ॲव्हरेज काढतो. मग टाकीतल्या अंदाजे लिटरना या अलीकडच्या ॲव्हरेजनं गुणतो. आलेलं उत्तर म्हणजे आपण बघतो तो आकडा.

यातला ‘अलीकडचं’ हा शब्द महत्त्वाचा. पुढे घाट आहे की सपाट रस्ता, गाडीत एक माणूस बसणार आहे की पाच, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. तो फक्त मागे पाहतो. मुलाच्या मागच्या दोन घटक चाचण्यांवरून आपण वार्षिक परीक्षेच्या गुणांचा अंदाज करतो, तसंच हे. मागचे किती किलोमीटर धरायचे हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठरवते. त्यामुळे काही गाड्यांचा आकडा सारखा नाचतो, काहींचा सावकाश हलतो.

मला आठवलं. कराडला जायच्या आधीच्या रविवारी आम्ही लग्नाला सावर्ड्याला गेलो होतो. सकाळची वेळ, हायवे मोकळा, एसी बंद. त्या आरामाच्या प्रवासाचं ॲव्हरेज गाडीच्या डोक्यात बसलं होतं. सकाळी अंगणात दिसलेले २१० हे रविवारच्या लग्नाचे होते. त्यात कुंभार्ली घाट कुठेच नव्हता.

“आणि एक,” चाचा म्हणाले, “तुमचं अंगण उताराचं आहे. गाडी तोंड खाली करून लावली तर काटा एक दाखवेल, वर करून लावली तर दुसरं.” टाक्या काही चौकोनी डब्यासारख्या नसतात. सीटखाली जागा मिळेल तशा वेड्यावाकड्या बसवलेल्या असतात. गाडी तिरकी असली की पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट फसतो. हे तर मी घरी येऊन लगेच करून पाहिलं. गाडी उलटी लावली आणि थोडा वेळ थांबून सुरू केली. आकडा ११ किलोमीटरनं बदलला. ना गाडी कुठे गेली होती, ना पेट्रोल.

तरीही माझं समाधान झालं नव्हतं. अंदाज चुकतो हे मान्य, पण ४६ किलोमीटर? मनात एकदा बदगुमानी शिरली की ती सहजासहजी निघत नाही. मे महिन्यात रोजावर एक ड्रायव्हर ठरवला, अम्मीला मागे झोपवलं आणि मी स्वतः पुढच्या सीटवर वही घेऊन बसले. निघताना चिपळूणच्या पंपावर टाकी फुल केली. नोझल आपोआप ‘कट’ होतं तिथेच थांबायला सांगितलं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला.

शिरगाव, पोफळीपर्यंत आकडा शहाण्यासारखा उतरत होता. एक किलोमीटर गेला की एक कमी. घाट लागला आणि त्याची चालच बदलली. दुसरा गिअर, वळण, पुढे उसाच्या मळीचा टँकर, पुन्हा पहिला गिअर. किलोमीटर एक पुढे सरकायचा आणि आकडा तीन-चारनं खाली यायचा. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत माझ्या वहीतला हिशेब पार कोलमडला होता. भाचा काय, कुणीही गाडी चालवत असतं तरी हेच झालं असतं. ड्रायव्हरला मी काही बोलले नाही. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा तो आपणहून म्हणाला, “चढाला पिते हो गाडी.”

किती पिते, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या सूत्रानंच काढता येतं. चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, घाटमाथा सहाशे मीटरच्या आसपास. आमची गाडी, तीन माणसं आणि सामान मिळून ११०० किलो धरू. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ११०० × ९.८ × ६००. उत्तर चौसष्ट लाख ज्यूलच्या वर जातं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण तीन कोटी वीस लाख ज्यूल ऊर्जा असते, पण त्यातली जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. म्हणजे उपयोगी पडतात लिटरमागे ऐंशी लाख. चौसष्टला ऐंशीनं भागा. पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल गाडीला नुसतं उचलून वर ठेवायलाच लागतं. रस्ता कापायला लागणारं वेगळं. वरून खालचे गिअर आणि एसी. दहावीच्या मुलांना मी हे गणित पुढे फळ्यावर घातलं, कारण सूत्र पाठ असूनही ‘याचा उपयोग काय’ असं ती दरवर्षी विचारतात.

कराडला पोचल्यावर लगेच पंपावर जाऊन पुन्हा टाकी ‘कट’ होईपर्यंत भरली. ७.१ लिटर बसलं. ९६ किलोमीटरला ७.१, म्हणजे साडेतेराचं ॲव्हरेज. येताना चिपळूणच्या त्याच पंपावर पुन्हा भरली. फक्त ४.४ लिटर. म्हणजे उतरताना जवळपास २२! गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच. एवढ्या कमी लिटरच्या मोजणीत पाव लिटर इकडेतिकडे झालं तरी उत्तर बरंच हलतं, म्हणून पुढच्या महिन्यात मी हे पुन्हा मोजलं. आकडे थोडे बदलले, पण चढ-उताराचा फरक तसाच निघाला.

इथे एक सापळा आहे. जाताना १३.५, येताना २१.८, मग सरासरी साडेसतरा, असं माझ्या मुलीनं पटकन सांगितलं. पण तसं होत नाही. एकूण किलोमीटर १९२, एकूण पेट्रोल ११.५ लिटर, भागाकार १६.७. जास्त पेट्रोल वाईट ॲव्हरेजच्या बाजूला जळतं, म्हणून खरी सरासरी नेहमी मधोमध न येता थोडी खालीच येते. दोन ॲव्हरेजची बेरीज करून अर्धी करणाऱ्याला गाडी कायम दगा देते.

आणि याच प्रवासात, परतताना पाटणच्या आसपास, अम्मी मागून म्हणाली, “या ड्रायव्हरनं दवाखान्यात गाडी बंद करून ठेवली, किती उकडलं मला. मागच्या वेळी पोरानं एसी चालू ठेवला होता. डोळ्यावर पट्टी, माझा नंबर चिठ्ठीसाठी थांबलेला, पाऊण तास मी गाडीतच होते.”

मी वहीत पाहत राहिले. उभी गाडी किलोमीटर खात नाही, पण पेट्रोल खाते. लहान गाडी एसी लावून नुसती चालू ठेवली तरी तासाला पाऊण ते एक लिटरच्या आसपास जातं. पाऊण तासाचे अर्धा लिटरहून थोडे अधिक. आणि आकडा तर दुहेरी खाली येतो, कारण पेट्रोल कमी होत असतं आणि किलोमीटर न वाढता जळाल्यामुळे ‘अलीकडचं ॲव्हरेज’ही पडत असतं.

घरी आल्यावर रात्री मी एप्रिलच्या त्या दिवसाचा हिशेब पुन्हा मांडला. सकाळी २१० होते, ॲव्हरेज १७ धरलं तर टाकीत साधारण १२.४ लिटर. घाटासकट कराडपर्यंत ७.१ गेले. एसीचे ०.६. उरले ४.७ लिटर. हे ४.७ लिटर १७ नं गुणले तर ८० किलोमीटर येतात. पण गाडी आता १७ नं गुणत नव्हती. घाट आणि उभा एसी पाहून तिचं ॲव्हरेज साडेचौदाच्या आसपास आलं असणार. ४.७ गुणिले साडेचौदा, ६८. बरोबर ६८! माझे ‘गायब’ झालेले ४६ किलोमीटर असे फुटले: चौतीस घाटाचे आणि एसीचे, आणि बाकीचे बारा कशाचेच नाहीत. त्या बारा किलोमीटरचं पेट्रोल टाकीतून कुठे गेलंच नव्हतं. फक्त गुणाकारातली संख्या बदलली होती. मी मात्र त्याचेही पैसे त्या मुलाच्या नावावर लावले होते.

आता इतर गोष्टी थोडक्यात सांगते, कारण गाडी घेताना आपण सगळेच एक प्रश्न विचारतो: ॲव्हरेज किती? विकणारा सांगतो तो आकडा खोटा नसतो. तो तपासणीचा असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. अशा मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी रोलरवर उभी करून, जवळपास वीस मिनिटांच्या एका ठरावीक क्रमानं चालवतात. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, समोर अचानक म्हैस येत नाही. सगळ्या गाड्यांना तोच पेपर दिलेला असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. आपल्या घरखर्चाचं अंदाजपत्रक त्यावर बांधू नये. आमच्या गाडीच्या कागदावर २१ च्या पुढचा आकडा होता. माझ्या वहीत तीन टाक्यांचा हिशेब असा आहे: ४१२ किलोमीटरला २५.३ लिटर, ३८७ ला २२.१, आणि मे महिन्यातले गावातल्या गावात एसी लावून फिरलेले २९८ किलोमीटर, त्याला २२.४. पहिल्याचं ॲव्हरेज १६.३, दुसऱ्याचं साडेसतरा, तिसऱ्याचं १३.३. तिन्ही मिळून १५.७. पहिल्या टाकीला गाडीचा स्क्रीन १७.४ सांगत होता. स्वतःला थोडे गुण वाढवून घेतोच तो.

ही वही ठेवणं अवघड नाही. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, नेहमीसारखी गाडी वापरायची आणि पुन्हा भरताना शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या ‘कट’ला थांबायचं. ‘अजून शंभरचं बसेल’ म्हणत ठोसून भरू नका. हिशेब तर चुकतोच, पण टाकीतली वाफ जायच्या नळीत पेट्रोल शिरतं ते वेगळंच. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागा. पंपाच्या मापाचा संशय आला तर पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापात मोजून दाखवा असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मी एकदा तसं म्हटलं. माप बरोबर निघालं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तेवढं सहन करावं लागलं.

ॲव्हरेज कशानं पडतं याची यादी सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातलं मोठं काय आणि लहान काय ते कळत नाही. टायरमध्ये हवा कमी असणं हे मोठं, आणि ते दुरुस्त करायला काही खर्चही नाही. मे महिन्यात कॅरिअरवर आंब्याच्या पेट्या बांधून मुंबईला निघालेली गाडी हे आणखी मोठं, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० नं गेलात तर हवा दीडपटीहून जास्त जोर लावून अडवते. पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्के पडेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. म्हणून ‘पूर्वी १८ द्यायची, आता १७ देते’ म्हणून लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, ते बंद करा. माझ्या वडिलांच्या पिढीत कार्बोरेटरच्या गाड्या होत्या, तेव्हाची ही सवय. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल तोडून टाकतो. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल द्यावं लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि कुंभार्लीसारख्या उतारावर ब्रेक तापून मऊ पडले तर पुढे काय, हे सांगायला नको. परतताना मी पाहिलं, घाटमाथ्यावर जो आकडा होता तो पोफळीला पोचेपर्यंत १४ नं वाढला होता. टाकीत कुणी पेट्रोल ओतलं नव्हतं. गाडीला फक्त बरे दिवस आठवत होते.

आणि रिझर्व्हवर घाटात शिरू नका. आकडा ४० दाखवतोय आणि घाट १५ किलोमीटरचाच आहे, हा हिशेब किती फसवा आहे ते वर आलंच. कमी पेट्रोल चढावर आणि वळणावर टाकीच्या एका कोपऱ्यात पळतं आणि पंपाला हवा ओढायला लागते. पेट्रोलचा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. वारंवार कोरडा चालला तर तो जळतो आणि खिसाही. आकडा फार खाली गेला की काही गाड्या नुसत्या रेघा दाखवतात. तेव्हा समजावं की आता गाडीनंही अंदाज करणं सोडलं. आमच्या घरी आता नियम आहे, अर्ध्या टाकीच्या खाली असेल तर आधी पंप, मग घाट.

जूनच्या तारखेच्या आदल्या शुक्रवारी मी बहिणीकडे गेले. भाचा नमाजहून येऊन जेवत होता. वही त्याच्यासमोर ठेवली आणि ४६ किलोमीटरचं पान उघडलं. म्हटलं, “बघ. तू एसी लावला होतास ते सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे, खाला? तुम्ही तर कुठे जाऊन आलास ते विचारलंत.”

यावर मला उत्तर नव्हतं. माझं चुकलं, एवढं म्हणाले. बहीण भांडी आवरायच्या निमित्तानं आत गेली. त्याने वहीची पानं उलटून पाहिली, साडेतेरा आणि बावीसवर बोट ठेवून म्हणाला, “एवढा फरक? मला वाटलं पाच-सातचा असेल.” मग घाटात कुठल्या वळणाला कुठला गिअर लागतो ते बराच वेळ सांगत बसला.

वही आता गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. जूनचं पान त्याच्या अक्षरात आहे. ‘चिपळूण पंप, फुल. कराड, ७.३ लिटर. पाऊस. नानी गाडीत, एसी चालू, ४० मिनिटं.’